उजेड कमी पडतोय

कारखान्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवससुद्धा शिकवलं नव्हतं. कापडाच्या कारखान्यात रंग जुळवायचं त्यांचं काम. पण दोन तुकड्यांतला जो फरक पकडायला यंत्राला दशांशात शिरावं लागे, तो मास्तर नुसती मान तिरकी करून सांगत. "लाल केसभर जास्त पडलाय," एवढंच म्हणायचे आणि तुकडा परत टाकायचे. रंगखात्यातली माणसं चरफडत पुन्हा मोजमाप करायची, आणि लाल खरोखरच केसभर जास्त निघायचा. एकतीस वर्षं हे असं चाललं होतं. तुकडे पारखायची, आतून राखाडी रंगाची एक पेटी, तिच्या छताला तीन तऱ्हेचे दिवे, आणि समोर उंच स्टुलावर मास्तर. तिथे त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती, आणि घरी तर नव्हतीच.

घरी बाहेरच्या खोलीत त्यांची टाकी होती. दोन फूट लांब, आत खारं पाणी, खडक, दोन नारिंगी पट्टेवाले मासे आणि खडकांवर डकवलेली जिवंत कोरलं, म्हणजे प्रवाळ. हा नाद त्यांना मेहुण्याने लावला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं माशांचं दुकान होतं, बोळासारखं अरुंद. दोन्ही भिंतींना टाक्या आणि मधून जाड माणसाने आडवं होऊन जायचं. त्याच्याकडे एक जांभळं, फांद्याफांद्यांचं कोरल होतं. नखाएवढा तुकडा आणून सात वर्षांत त्याने ते ओंजळीएवढं केलं होतं. त्याचंच एक बोटभर टोक तोडून त्याने मास्तरांना दिलं.

"असा रंग दुसऱ्या कुणाकडे नाही, दाजी," तो म्हणाला होता. "विकत मागितलं तरी देत नाही मी. उद्या माझ्याकडचं मेलं, तर तुमच्याकडून बी मिळेल."

दिवाही त्याच्याच दुकानातला. तो फोनवरून चालायचा. निळा किती, पांढरा किती, हे बोटाने सरकवायचं. मेहुण्याने स्वतः घरी येऊन आकडे लावून दिले. निळा साठ, पांढरा वीस. "याला हात लावू नका. वाढवायचाच झाला तर महिन्याला दोन टक्के. यांना उजेडाची सवय हळूहळू करावी लागते. एकदम वाढवलात तर यांच्या अंगात जे बारीक शेवाळ राहतं, ते हे बाहेर टाकून देतात. रंगही त्याच्यामुळेच असतो आणि पोटही त्याच्यावरच भरतं. मग पांढरे पडतात आणि उपाशी मरतात."

मास्तरांनी चार वर्षं टाकी डोळ्यांत तेल घालून सांभाळली. रोज सकाळी उडून गेलेल्या पाण्याच्या जागी तांब्याभर गोडं पाणी, रविवारी बादलीत मीठ कालवून पाणी बदलणं, काचेवरचं शेवाळ पुसणं, बाटलीतले थेंब टाकून रंग बघून तपासण्या. बायको म्हणायची, "माझ्या चहाला साखर किती लागते ते एकदा तरी विचारलंत का? त्यांच्या पाण्यात मीठ किती, ते मात्र दिवसातून दोनदा." मास्तर हसायचे. तेव्हा घरात हसणं होतं.

मग एका संध्याकाळी कामावरून येऊन ते टाकीसमोर बसले, आणि त्यांना वाटलं, उजेड कमी पडतोय.

पूर्वी या वेळी टाकी निळ्या ज्योतीसारखी दिसायची. आज ती मळकी दिसत होती, पाण्यात कुणी चहाचा चोथा टाकल्यासारखी. त्यांनी पाणी तपासलं. काच आतून-बाहेरून पुसली. दिव्याची भिंगं काढून पुसली. फरक पडेना. तेव्हा त्यांनी निळा सत्तरवर नेला. बरं वाटलं. दोन आठवड्यांनी पुन्हा मळकं वाटू लागलं, मग पंच्याऐंशी केला आणि पांढरा चाळीस. महिना संपता संपता निळा शंभरावर जाऊन थांबला. त्यापुढे आकडाच नव्हता.

"अहो," बायको एकदा केर काढता काढता थांबून म्हणाली, "ते बोटांबोटांचं कोरल आहे ना, ते आखडून बसलंय. पूर्वी कसं हलायचं पाण्यात. आणि जांभळं टोकाशी पांढरं पडतंय."

"टोक वाढतंय म्हणून पांढरं. नवी वाढ पांढरीच असते."

हे अर्धं खरं होतं, आणि आपल्या बाजूचं असेल तर अर्धं खरं मास्तरांना पुरत असे.

"वाढ नाही वाटत हो मला. खालीसुद्धा फिकट झालंय."

"एकतीस वर्षं रंगच बघतोय मी," मास्तर म्हणाले. "आता तू मला पांढरं शिकवणार?"

ती पुन्हा केर काढू लागली. पण तिने भावाला फोन केला असावा, कारण त्या रविवारी दुपारी मेहुणा न बोलावता आला. हातात उजेड मोजायचं यंत्र होतं. लांब वायर आणि वायरीच्या टोकाला बोंडासारखं काहीतरी. आल्या आल्या तो टाकीसमोर उकिडवा बसला. त्याचा चेहरा घरातलं माणूस आजारी पडल्यासारखा झाला होता.

"दाजी, उजेड किती वाढवलात?"

"वाढवला काय? दिवाच उतरलाय तुझा. शंभरावर नेला तरी पूर्वीच्या साठाएवढा नाही."

मेहुण्याने वायर पाण्यात सोडली, बोंड खडकाशी धरलं आणि यंत्रावरचा आकडा मास्तरांपुढे केला. "साडेचारशे. यांना पाहिजे दीडशे, फार तर दोनशे. दिवा उतरलेला नाही. भाजून निघतायत हे."

"तुझं यंत्र बिघडलंय."

"परवाच तपासून घेतलंय."

"मग मला जे दिसतंय ते खोटं?"

मेहुणा उठला. वायर गुंडाळता गुंडाळता खालच्या आवाजात म्हणाला, "एक विचारू? रागावू नका. डोळे कधी तपासलेत?"

मास्तरांना एखाद्याने भर बाजारात टोपी उडवावी तसं झालं. बायको आतल्या दारात उभी होती. तिच्यासमोर, तिच्याच धाकट्या भावाने, आपल्या डोळ्यांत खोट काढावी?

"या डोळ्यांवर कारखाना चालतो!"

"म्हणूनच म्हणतो, दाजी..."

"जुनाट दिवा गळ्यात मारलास, आणि आता माझेच डोळे तपासा? चोराच्या उलट्या बोंबा! दुकान थाटलं म्हणून अक्कल येत नाही. नीघ!"

"अहो, काय बोलताय हे," बायको म्हणाली.

मेहुण्याने मास्तरांचा फोन उचलून दिवा निम्म्यावर आणला, बोंड रुमालाने पुसलं, चपला घातल्या. "येतो, ताई," म्हणाला. तो जिना उतरून खाली पोचायच्या आत मास्तरांनी दिवा पुन्हा शंभरावर नेला होता.

एवढ्यावर थांबले असते तर निदान घरातलं घरात राहिलं असतं. पण राग माणसाला बसू देत नाही. टाक्या ठेवणाऱ्या हौशी लोकांचा फोनवर एक गट होता, चारशेच्या आसपास माणसं. तिथे मास्तरांना मान होता, कुणी नवं कोरल घेतलं की फोटो टाकून विचारायचं, "मास्तर, रंग खरा आहे का?" त्याच दुपारी मास्तरांनी तिथे लिहिलं: पेटी नवी, पण आत दिवा वापरलेला, असा माल मला मिळाला आहे. दुकानदार माझ्याच नात्यातला आहे, म्हणून लिहिताना जिवावर येतं. पण खरं ते खरं. सावध राहा.

दुकानाचं नाव लिहायची गरज नव्हती. मास्तरांचा मेहुणा कोण, ते सगळ्यांना ठाऊक होतं. आणि 'नात्यातला' या एका शब्दाने काम केलं. आपल्याच माणसाबद्दल कुणी उगीच कशाला लिहील? मेहुण्याने उत्तर दिलं नाही. द्यायचं तर दाजींना दिसत नाही असं चारशे जणांत सांगावं लागलं असतं, आणि दाजी म्हणजे ताईचा नवरा.

मास्तरांनी दुसरा दिवा आणला, दुसऱ्या गावाहून मागवून, पहिल्यापेक्षा मोठा. दोन्ही एकाशेजारी एक टांगले. आठवडाभर त्यांना समाधान वाटलं. बायको मात्र त्या खोलीत बसेनाशी झाली. उजेड डोळ्यांत घुसतो, डोकं दुखतं, म्हणायची.

पाच महिन्यांनी भावजयीचा फोन आला. बायको बराच वेळ नुसती "हं, हं" करत राहिली. मग फोन ठेवून जेवायच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"त्याने दुकान बंद केलं. टाक्यांसकट सगळं विकलं."

"धंद्याला सचोटी लागते," मास्तर म्हणाले आणि घास घेतला.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना ते नीट दिसलं नाही. तिचा चेहरा त्यांना हल्ली सकाळच्या धुक्यातल्यासारखाच दिसायचा, आणि ते त्यांना वयाचं लक्षण वाटायचं, तिच्या. त्या दिवसापासून ती कामापुरतं बोलू लागली. भाजी संपली. पाणी आलं नाही. तुमचा फोन वाजतोय.

कारखान्यातही काहीतरी बिनसत चाललं होतं. शाळेच्या गणवेशाचं आकाशी कापड गेलं होतं, कित्येक ठाण. शिवून झाल्यावर ते परत आलं. एकाच शर्टाच्या बाह्या एका निळ्या रंगाच्या आणि धड दुसऱ्याच निळ्याचं. साहेबांनी मास्तरांना खोलीत बोलावलं आणि तो शर्ट टेबलावर पसरला.

"काय दिसतं?"

"शर्ट," मास्तर म्हणाले. "ठीक आहे की."

साहेबांनी शर्टाची घडी घातली. मग त्यांनी कागद पुढे सरकवला. "यंत्राने हे ठाण नापास केलं होतं, मास्तर. तुम्ही सही करून पास केलंत. गेल्या वर्षात अशी अकरा आहेत."

"यंत्राला काय कळतं..."

"डॉक्टरांकडे जाऊन या. आजच."

कारखान्याच्या डॉक्टरांनी त्यांच्यापुढे एक लांबट पेटी ठेवली. आत रंगीत बिल्ले होते, फिकट फिकट. ते रंगाच्या क्रमाने लावायचे. मास्तरांना हसू आलं. पोहणाऱ्याला तांब्यातलं पाणी दाखवावं तसा प्रकार! चार मिनिटांत त्यांनी बिल्ले लावले आणि हात झटकले. डॉक्टरांनी पेटी उलटी करून मागचे आकडे वाचले. मग पुन्हा सुलटी केली, दोन बिल्ले उचलून त्यांच्यासमोर धरले.

"हे दोन वेगळे आहेत?"

"एकच तर आहेत."

"एक निळा आहे, मास्तर. एक हिरवा."

मास्तर त्या बिल्ल्यांकडे बघत राहिले. डॉक्टर थट्टा करतायत असं त्यांना वाटलं. मग डॉक्टरांच्या बाजूला उभ्या असलेल्या नर्सने नजर खाली घातली, आणि त्यांना कळलं की थट्टा नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे बायको बरोबर आली. बाईंनी दोन्ही डोळ्यांत औषध घालून, उजेड मारून बराच वेळ पाहिलं. "मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे, आणि चांगला जुना. आतलं भिंग पिवळं पडलंय तुमचं. वर्ष-दोन वर्षं तुम्ही पिवळ्या काचेतून जग बघताय. निळा रंग तर जवळजवळ पोचतच नाही आत. हळूहळू होतं, म्हणून ज्याचं त्याला कळत नाही. पण घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का?"

"आलं होतं," बायको म्हणाली.

एवढंच. बाई लिहीत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मास्तरांना औषधामुळे काहीच नीट दिसत नव्हतं, आणि त्या क्षणी तरी ते त्यांना बरंच वाटलं.

आधी उजवा डोळा झाला. डावा पुढच्या आठवड्यात, बुधवारी व्हायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली तेव्हा दवाखान्याची भिंत इतकी पांढरी दिसली की मास्तर दचकले. नर्सचा झगा निळा होता. खिडकीबाहेरचं आकाश निळं होतं, पायपुसण्याची कड निळी होती; कुणीतरी रात्रीतून सगळ्या वस्तू धुऊन आणल्या होत्या. परत येताना रिक्षात त्यांनी बायकोकडे पाहिलं. कानांमागचे तिचे केस पांढरे झाले होते आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना खोल रेघा होत्या. "केव्हा झालं हे?" असं विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

घरी पोचले तेव्हा टाकीचे दिवे लागलेले होते. दारातूनच त्यांचा डोळा दिपला. इतका उजेड? पोलिसांनी चोरावर झोत टाकावा तसे ते दोन दिवे पाण्यावर आग ओकत होते. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून ते जवळ गेले.

खडकांवर हाडं होती. दुसरा शब्द नव्हता. बोटांबोटांचं ते कोरल, त्याची बोटं कधीच गळून गेली होती आणि खाली खाचाखाचांचा पांढरा दगड उरला होता. त्यावर तपकिरी शेवाळाची लव. जांभळ्याच्या फांद्या मीठ लावून वाळवल्यासारख्या, टोकापासून बुडापर्यंत. दोन मासे तेवढे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत होते.

मास्तरांनी उजवा डोळा मिटला आणि डाव्याने पाहिलं. लगेच सगळं मऊ झालं. हाडं सायीच्या रंगाची झाली. जरा उजेड कमी आहे, बाकी ठीक आहे, असंच कुणालाही वाटलं असतं. फांद्या फिकट, पण असतील, जिवंत असतील. त्यांनी उजवा उघडला. मेलेलं. मिटला. चालेल. पाच-सहा वेळा त्यांनी असं केलं, आणि मग डावाच उघडा ठेवून बराच वेळ बसून राहिले. बायको चहा घेऊन आली, त्यांच्याकडे पाहिलं, कप स्टुलावर ठेवून आत गेली.

चौथ्या दिवशी ते मेहुण्याला भेटायला गेले. तो आता नळ आणि पाइप विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात कामाला होता. दुकानाचा निळा सदरा त्याच्या अंगात होता, खांद्यावर सैल. गिऱ्हाइकाला तो पाइपांचे कोपर आणि वळणं दाखवत होता. मास्तर बाजूला उभे राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर तो म्हणाला, "या, दाजी. डोळा कसा आहे? ताईने सांगितलं."

"दिसतं आता."

"बरं झालं."

मास्तरांनी वाटभर जुळवलेली वाक्यं होती. त्यातलं एकही धड बाहेर येईना. "मी जे लिहिलं... तू त्या वेळी बोलायला हवं होतंस. मला सुनवायला हवं होतंस."

"बोललो होतो की," मेहुणा शांतपणे म्हणाला. "तुमच्याच घरी."

मास्तरांनी मान खाली घातली. माफी मागायला आलेल्या माणसाने दोष वाटून घ्यायला माणूस शोधावा, हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. सुंभ जळाला तरी पीळ काही जळत नाही.

"चुकलो मी," ते शेवटी म्हणाले.

मेहुण्याने खोक्यातले नळ मोजून परत आत लावले. मग, इतका वेळ टाळलेलं विचारावं तसं, त्याने विचारलं, "जांभळं आहे का? माझ्याकडचं सगळ्याबरोबर गेलं. ज्याने घेतलं, त्याच्याकडे आठवड्यात मेलं. म्हटलं, असू दे, ताईकडे एक तुकडा आहे."

"गेलं," मास्तर म्हणाले.

"पूर्ण?"

"पूर्ण."

मेहुणा हं म्हणाला. इतकी वर्षं जपलेल्या गोष्टीसाठी एवढंसं हं. दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. "बसा हवं तर," तो म्हणाला, "माझी सुट्टी सहाला होते." मास्तर बसले नाहीत.

घरी येऊन त्यांनी गटावर लिहिलं. एका बोटाने, पुन्हा पुन्हा खोडून, तासभर लागला. दिवा चांगला होता. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. दुकानदाराने मला सांगितलं, मी ऐकलं नाही आणि त्याच्यावर खोटा आळ घेतला. माझ्यामुळे त्याचं दुकान गेलं. चूक सर्वस्वी माझी आहे.

पाठवलं आणि शिव्यांची वाट पाहत बसले. शिव्या खायला ते तयार होते. खरं म्हणजे त्यांना त्या हव्या होत्या.

फोन वाजू लागला. "मास्तर, चूक कबूल करायला मोठं मन लागतं." "तुमच्यासारखी प्रामाणिक माणसं राहिली नाहीत आता." टाळ्या, जोडलेले हात, फुलं. "डोळ्याची काळजी घ्या." "मास्तर ते मास्तरच!" एकाने लिहिलं, "दोन दिवे आहेत ना? एक विकणार असाल तर आधी मला सांगा." साठ-सत्तर जणांनी लिहिलं. दुकानाबद्दल कुणीच काही विचारलं नाही. दुकान कुठे होतं, हेसुद्धा काही जण विसरले असावेत.

बायको आतून आली. बाहेर जायचे कपडे घातलेले, हातात लहान बॅग. मास्तरांनी फोन तिच्यापुढे केला, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तिने उभ्या उभ्या वाचलं, बोटाने वर सरकवत, शेवटापर्यंत.

"छान," ती म्हणाली. "चुकलात तरी कौतुक तुमचंच."

"कुठे निघालीस?"

"धाकट्या भावाकडे. राहीन थोडे दिवस. डबे भरून ठेवलेत, डोळ्यात थेंब कधी घालायचे ते कागदावर लिहून दाराला चिकटवलंय."

"मी येऊ?"

"नको."

ती चपला घालू लागली. मास्तर उठून उभे राहिले, काय बोलावं ते न सुचून म्हणाले, "बुधवारी डावा डोळा आहे."

"माहीत आहे. बुधवारी सकाळी येईन मी," ती म्हणाली. "बरोबर कुणीतरी लागतं, असं दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय."

आणि दार ओढून घेऊन ती जिना उतरली.